ओठबुवा

ओठबुवाला कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तो हयात आहे की नाही याचाही पत्ता नव्हता. तरी कवळीताईचा त्याच्यावर जीव होता. जीव होता म्हणजे लगेच भलतंसलतं समजू नका. बाई पन्नाशी ओलांडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ॲप्रनवर मेणाचे डाग, आणि दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवत मान मोडून बसलेली. पण काम संपलं, हात धुतले, की ती मागच्या कपाटातला खोका काढायची आणि मग तिला कुणी हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

खोक्यात असायची जुनी प्रेमाची कॉमिक्स. ती पातळ, रंगीत, सुरुवातीला मुलगी रडते, मध्ये संशय येतो आणि शेवटच्या चौकटीत ती पुन्हा रडते, पण आनंदाने, तसली. आतल्या गोष्टींत काही राम नव्हता, हे जमवणारेही कबूल करायचे. सगळा जीव मुखपृष्ठात. नर्स आणि पायलट, टायपिस्ट आणि साहेब, गाडीच्या खिडकीतून वाकलेला कुणीतरी आणि खाली उभी असलेली कुणीतरी. आणि गंमत अशी की ही चित्रं काढली कोणी, ते अंकावर कुठेच छापलेलं नसायचं. सही करू दिली की चित्रकार डोक्यावर बसतो, असं कॉमिक्स छापणाऱ्या मालकाचं ठाम मत होतं म्हणे. त्यामुळे जमवणाऱ्यांचं जे टोळकं होतं, त्यांना जन्मभर पुरेल असा उद्योग मिळाला होता, तो म्हणजे चित्रकार ओळखायचा. एकजण कानांवरून ओळखायचा, दुसरा कॉलरच्या चुण्यांवरून, तिसरा टेलिफोनच्या वायरचे पीळ मोजायचा. कानवाला आणि कॉलरवाला एका टायपिस्टवरून भांडले, ते अजून एकमेकांकडे बघत नाहीत.

कवळीताई तोंडावरून ओळखायची. तिचा दोष नाही, धंदाच तसला. नवा माणूस भेटला की आपण त्याचे डोळे बघतो, कपडे बघतो. ही बघणार ओठांची ठेवण, वरचा ओठ दातांवर कसा बसलाय, हसताना कोपरा कुठे जातो. कवळीत दात नुसते भरून चालत नाही, त्या माणसाचं तोंड त्याला परत द्यावं लागतं. तर अशा नजरेला एके दिवशी दिसलं की बऱ्याच मुखपृष्ठांवर एकच तोंड आहे. बाई वेगळी, बाप्या वेगळा, पण तोंड तेच. खालच्या ओठावर तिरका, बारीकसा उजेडाचा ठिपका. कोपरे किंचित खाली ओढलेले, हसू येता येता आवरलेलं असावं तसे. दोघांचे ओठ अगदी जवळ आलेले आणि मध्ये एक बारीक, स्वच्छ फट. टेकणार, टेकणार, असं वाटतं आणि टेकत नाहीत. त्या फटीतच सगळं प्रेम होतं, असं कवळीताईचं म्हणणं. या न पाहिलेल्या कलावंताला तिनेच नाव दिलं, ओठबुवा.

टोळक्याने आधी तिची टर उडवली. मग एकेकाने आपापले खोके उपसले, आणि तोंडात बोटं घालायची पाळी त्यांच्यावर आली. खरंच होतं. आणि आता तर एक प्रकाशन या मुखपृष्ठांचा मोठा, जाडजूड अल्बम काढत होतं, आणि त्यात ओठबुवावर एक अख्खं प्रकरण होतं, कवळीताईच्या नावानिशी. तिला त्याचं केवढं अप्रूप! चांगली कवळी म्हणजे जी कवळी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिने उभा जन्म असं काम केलं होतं की जे जमलं तर दिसतच नाही. ओठबुवा ही एकुलती एक गोष्ट तिच्या नावावर लागणार होती, आणि ती लागावी म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

आणि नेमका तेव्हाच गठ्ठेकाका आला.

गठ्ठेकाका जुने अंक विकायचा, पण सुटा अंक कधी देणार नाही, घ्यायचा तर गठ्ठा. लॅबच्या दारात सायकल टेकवून तो म्हणाला, "ताई, तुमच्या बुवाचं एक आलंय बघा. नर्स आणि पायलट. पण जरा गडबड आहे."

"कसली गडबड?"

"पायलटचा बूट बघा."

कवळीताईने भिंग लावलं. ओठ बघितले, ओठबुवाच. ठिपका, कोपरे, फट, सगळं जागच्या जागी. मग बूट बघितला. बुटाच्या नाडीत एक एवढीशी चिमणी बसलेली होती. ही चिमणी म्हणजे एका दुसऱ्याच चित्रकाराची चोरटी सही. मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकून तो ती कुठेतरी दडवायचा, आणि टोळक्यात त्याला चिमणीवाला म्हणायचे. चिमणीवाल्याची चित्रं सगळ्यांना पाठ होती. त्याची माणसं जाडजूड बोटांची, आणि ओठ? ओठ म्हणजे नुसती एक रेघ.

"म्हणजे चिमणीवाला हाच तुमचा बुवा?" गठ्ठेकाकाने विचारलं.

"छे! काहीतरीच काय!"

"मग बुवाने चिमणी काढली?"

"तो कशाला दुसऱ्याची सही करेल?"

"मला काय विचारता, मी आपला गठ्ठे विकतो," म्हणत गठ्ठेकाका गेला आणि कवळीताई तिथेच बसून राहिली. समोर कुणाची तरी खालची कवळी मेणात अर्धी उभी होती. त्या दिवशी तिने त्यात एक सुळा उलटा बसवला, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

तिने स्वतःची समजूत घातली. एखाद्या वेळी नक्कल केली असेल चिमणीवाल्याने. ओठबुवाचं नाव झालं असेल ऑफिसात, मालक म्हणाला असेल, असं तोंड काढ. पटण्यासारखं होतं. पण मग ती डोळ्यांत तेल घालून जुने खोके पुन्हा तपासायला लागली, आणि एका अंकावर, साहेबाच्या टेबलावरच्या पेपरवेटमध्ये, तिला त्रिकोण सापडला. त्रिकोण म्हणजे आणखी एका वेगळ्याच गड्याची चोरटी सही. त्याचे ओठ एरवी फुगलेले, मधमाशी चावल्यागत. इथे मात्र ठिपका, कोपरे, फट. दुसऱ्या दिवशी एका टायपिस्टच्या केसांच्या पिनेवर तिसऱ्याची आणि एका गाडीच्या खिडकीच्या कडेवर चौथ्याची खूण निघाली. तोंड तेच.

आता तिच्या डोक्याचा भुगा व्हायला लागला. चौघे मिळून एकाची नक्कल करत होते? की एकच माणूस चार नावांनी वावरत होता? की ओठबुवा चौघांना शिकवत होता? की हे सगळं तिच्याच डोळ्यांचे खेळ, आणि जगातल्या सगळ्या तोंडांवर तिला आता तेच तोंड दिसायला लागलंय? शेवटची शंका इतकी मनाला लागली की ती तडक चष्मेवाल्याकडे गेली. त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिने तळातल्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली, आणि त्याच्या कवळीचं काम कोणीतरी हलगर्जीपणे केलंय हेही सांगून आली.

"डोळे उत्तम आहेत तुमचे," चष्मेवाला जरा रागानेच म्हणाला. त्यामुळे तर ती आणखीच गोंधळली. डोळे बिघडले असते तर निदान काहीतरी हाताला लागलं असतं.

वर अल्बमच्या संपादकबाईंचा फोन. "ताई, ओठबुवाची पानं तेवढी राहिलीत. बाकी सगळं छापायला गेलं. मी थांबवून धरलंय, पण आता परवाच्या पलीकडे नाही जमायचं."

"एक-दोन शंका आहेत हो."

"शंका? अहो, आत्ता?"

"देते, देते," कवळीताई म्हणाली, आणि फोन ठेवून तिने कपाळाला हात लावला.

त्यातच लॅबला रंग द्यायला माणसं आली. प्लास्टरच्या धुळीत रंगाचा वास, सगळं सामान मधोमध ओढलेलं. खोके तिथे ठेवायची सोय राहिली नाही. नाइलाजाने तिने ते घरी आणले. नाइलाजाने अशासाठी की घरी मावशी होती.

कवळीताईची आई लवकर गेली, तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं होतं. लग्न मावशीनेही केलं नाही आणि भाचीनेही. दोघी एकमेकींवर खेकसत सुखाने राहत होत्या. मावशी तरुणपणी त्याच कॉमिक्सच्या ऑफिसात नोकरीला होती. हे टोळक्याला कळलं तेव्हा सगळे हरखून गेले होते, पण मावशीकडून काही निघेल तर शपथ. तिथे ती शाईचे डाग पांढरे करायची, एवढंच घरात माहीत होतं. कवळीताईने मागे एकदा चाचपून पाहिलं होतं, "मावशी, ही चित्रं कोण काढायचं गं?" तर मावशी म्हणाली, "पन्नास जण यायचे, पन्नास जायचे. मी काय हजेरी घेत होते? आणि त्या चोपड्या माझ्या घरात आणायच्या नाहीत." विषय तिथेच मिटला होता.

आता चोपड्या जेवणाच्या टेबलावर आल्या. मावशीने नाक मुरडलं, आपला चहाचा कप उचलून टेबलाच्या टोकाला बसली आणि पेपर वाचू लागली. कवळीताईने चारही सह्यांचे अंक एका ओळीत मांडले, भिंग फिरवलं, उठली, खिडकीपाशी जाऊन आली, पुन्हा भिंग फिरवलं. शेवटी तिला राहवलं नाही. ती मोठ्याने, कुणालाच न विचारता म्हणाली, "चार माणसं! चौघांचे हात वेगळे, चौघांचे नाकडोळे वेगळे. मग चौघांचं तोंड एकच कसं?"

मावशीने पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "तोंड माझं आहे."

"काय?"

"तोंडं माझी. बाकीचं त्यांचं." तिने पान उलटलं. "एवढं काय त्यात डोळे फाडून बघायचं?"

कवळीताईला आधी वाटलं मावशी थट्टा करतेय. मग वाटलं, वय झालं, काहीतरी बोलतेय. ती खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली आणि पेपर तिच्या हातातून काढून घेतला. मावशी चिडली, पण सांगायला लागली.

झालं होतं असं. ही कॉमिक्स दुकानांबाहेर दोरीवर टांगलेली असायची. शाळेतली मुलं येता-जाता बघतात म्हणून आरडाओरडा झाला, आणि मालकाने नियम काढला की मुखपृष्ठावर ओठ ओठांना टेकलेले चालणार नाहीत. पण चित्रकारांना सवय झालेली. ते आपले सरळ टेकवूनच आणायचे. मग ते चित्र मावशीच्या टेबलावर. तिने पांढरा रंग घ्यायचा, दोन्ही तोंडं पार पुसायची, आणि मध्ये फट ठेवून नव्याने काढायची.

"नुसती फट पाडून भागत नव्हतं का?" कवळीताईने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता.

"कसं भागेल? कापल्यासारखं दिसायचं. म्हणून सगळंच तोंड नवं काढायचं. आणि फट ठेवली की दोघं बावळट दिसायची, आ वासून बसल्यासारखी. म्हणून मी कोपरे खाली ओढायचे. मग वाटतं, थांबलेत."

"आणि तो ठिपका? खालच्या ओठावरचा?"

"ब्रशाला पांढरा रंग उरायचा, तो कुठे पुसायचा? तिथेच टेकवायचे."

त्या ठिपक्यावर कवळीताईने अल्बमसाठी दीड पान लिहिलं होतं. कलावंताच्या मनातला विरह वगैरे.

"मी तुला विचारलं होतं ना!" ती जवळजवळ ओरडली. "चित्रं कोण काढायचं म्हणून विचारलं होतं!"

"चित्रं मी काढत नव्हते. तोंडं काढत होते. तोंडांचं तू कधी विचारलंस?"

ओठबुवा असा भर दुपारी, चहाच्या कपाशेजारी, नाहीसा झाला. कवळीताईला हसावं की रडावं कळेना. ज्याला ती गावोगावच्या गठ्ठ्यांत शोधत होती तो रोज सकाळी तिच्याकडे गरम पाणी मागत होता. प्रकरण गेलं, नाव गेलं, टोळक्यात आता वर्षभर तिची वरात निघणार, हे सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि तिला खरंच वाईट वाटलं. इतकं की मावशीनेही पेपर परत मागितला नाही.

संपादकबाईंना फोन तर करायलाच हवा होता. पण काय सांगणार? निदान कुठलं चित्र कुणाचं एवढं तरी धड सांगावं, म्हणून तिने कागदाच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत होताच. वरून तोंडांवर एकेक पट्टी ठेवली. तोंड झाकलं, आणि ज्यांना ती इतकी वर्षं एकाची समजत होती ती चित्रं फुटून वेगवेगळी झाली. जाडी बोटं इकडे, सुजलेली गालफडं तिकडे. टेबलावर ढीग पडत गेले. मग तिने ते साल बघून लावले, आणि पुन्हा बुचकळ्यात पडली.

सुरुवातीच्या अंकांत सगळ्यांचीच चित्रं होती. चिमणी, त्रिकोण, सगळे. पुढे पुढे एकेकजण गळत गेला. आणि नंतरच्या सगळ्या अंकांवर, एकजात सगळ्यांवर, एकच हात होता. अंगठा मागे वाकलेला, बाईच्या मानेवरचे केस जरा विस्कटलेले, बाप्याचा खांदा नेहमी चित्राबाहेर जाणारा.

"मावशी, नंतर हे बाकीचे कुठे गेले? नोकरी सोडली?"

"सोडतात कशाला. शिकले. फट ठेवून काढायला लागले. मग माझ्याकडे येईनात."

"आणि हा?"

मावशीने पट्टी ठेवलेला अंक हातात घेतला, लांब धरून बघितला. "हा ना! हा लांब्या. दारातून वाकून यायचा, एवढा उंच. ह्याच्या डोक्यात तो नियम काही शिरला नाही. सगळे शिकले, हा शेवटपर्यंत टेकवूनच आणायचा. माझ्या नाकी नऊ आणले मेल्याने. टेबलापाशी उभा राहायचा, मी पुसते ते बघत. मी म्हणायचे, अहो, जरा लक्ष द्या, एवढंसं तर आहे. तर म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी पुन्हा तेच."

"मठ्ठ होता?"

"तसा मठ्ठ नव्हता. कामाला वाघ. नवी मुलं आली की त्यांना तोच शिकवायचा. मध्ये आगकाडी धरा म्हणायचा, आगकाडीएवढी फट ठेवा, म्हणजे चित्र परत येत नाही. मुलं एका दिवसात..."

मावशी बोलता बोलता थांबली. तिने अंक टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला.

"मुलांना तोच शिकवायचा?" कवळीताईने हळूच विचारलं.

"तोच की." मावशीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे त्याला येत होतं. येतच होतं त्याला. मग हे असं का..." ती भाचीकडे बघायला लागली, जसं काही हिशोब चुकलाय आणि चूक भाचीने काढून द्यायची आहे. "माझं काम वाढवायला? माझ्याशी काही वैर नव्हतं त्याचं. उलट पेन्सिली तासून द्यायचा माझ्या."

कवळीताई उठली आणि दुसऱ्या खोक्यातून एक अंक काढून घेऊन आली. आगगाडीचा फलाट, बाई आणि बाप्या. हा तिने कधीच ओठबुवाचा मानला नव्हता, कारण तोंडं भलतीच होती, आणि दोघांच्या मध्ये इतकी फट की मधून सायकल जावी. पण अंगठा मागे वाकलेला होता. खांदा चित्राबाहेर गेला होता.

"हे त्याचंच ना?"

"त्याचंच."

"तोंडं तू केलीस?"

"नाही. हे त्यानेच फट ठेवून आणलं." मावशीचा आवाज बारीक झाला होता. "मी साहेबांकडे गेले होते. म्हटलं, बाकी सगळ्यांना जमतं, ह्यांनाच जमत नाही, माझा वेळ जातो, एकदा समज द्या ह्यांना. साहेबांनी दिली. सगळ्यांसमोर दिली. त्यानंतर हे आलं. मी म्हटलं होतं, बघा, जमतं की नाही! हसला होता. मग तो माझ्या टेबलाकडे आलाच नाही. थोड्या दिवसांनी नोकरीही सोडली म्हणे. मी..."

तिने फलाटावरच्या त्या दोघांकडे बघितलं. मध्ये नुसता पिवळा रंग होता. खूप वेळ बघितलं. कवळीताईने तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मावशीला राग येतो, मावशी कुरकुरते, हे तिला ठाऊक होतं, पण मावशी गोंधळते हे तिला नवीन होतं.

"मग तोंडाने सांगायचं की मेल्याने!" मावशी एकदम कडाडली आणि टेबलावर हात आपटला, चहा सांडला. "चित्रं कसली काढतो! मला काय कळणार? मी पुसत बसले!"

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कवळीताईने अंक बाजूला सरकवले, चहा पुसला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मावशीने तो झटकला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. संपादकबाई. "ताई, काय ठरलं? ओठबुवा राहू दे तसाच?"

"ओठबुवा नाही," कवळीताई म्हणाली. "चूक होती माझी. माझं प्रकरण काढून टाका. पण ही शेवटची चित्रं एका माणसाची आहेत, त्याचं नाव घालायचं आहे. जरा थांबा." तिने फोनवर हात ठेवला. "मावशी, त्याचं नाव काय होतं?"

"लांब्या."

"ते झालं हाक मारायचं. खरं नाव?"

मावशीने तोंड उघडलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न केला, खिडकीकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग मान हलवली. "अहो म्हणायचे मी. कधी विचारलंच नाही."

इतक्या वर्षांच्या धडपडीनंतर खरा माणूस हाती लागला होता, आणि त्याच्या चित्राखाली लिहायला नाव नव्हतं. कवळीताई फोन तसाच धरून उभी राहिली. मावशीने पदराने डोळे कोरडे केले, हात पुढे केला आणि तिच्याकडून फोन घेतला.

"हे बघा बाई," ती संपादकबाईंना म्हणाली, ओळखबिळख काही न सांगता, "नाव मला ठाऊक नाही. आम्ही लांब्या म्हणायचो, तेच छापा. हो, तसंच. आणि खाली लिहा, ओठ दुसऱ्या कुणीतरी केलेत. कुणी ते त्याला कळेल. आणि ऐका, पुस्तक बघून कुणी उंच माणूस तुमच्याकडे चौकशीला आला, आता वाकला असेल, पण उंचच असेल, तर त्याला काही विचारत बसू नका. माझा पत्ता द्या. घ्या लिहून."

आणि तिने पत्ता सांगितला, सावकाश, एकेक अक्षर, आणि पलीकडून तो परत वाचून घेतला.